आधी काय, नंतर काय

मी महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन आहे. वैद्यकाशी माझा संबंध एवढाच, की भाच्याच्या आजारात अक्का आणि दाजींबरोबर दवाखान्यांचे उंबरे मीही झिजवले. भाचा तेव्हा दहावीत होता, जत तालुक्यातल्या गावी. त्याच्या नाकाच्या मागच्या बाजूला, जिथं नाक घशाला मिळतं तिथं, रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ निघाली. नाव लांबलचक : ज्युव्हेनाइल नेझोफॅरिंजियल अँजिओफायब्रोमा. डॉक्टर मंडळी आपसांत ‘जेएनए’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. ही गाठ कॅन्सरची नसते आणि फार कमी दिसते. डोकं आणि मान मिळून जेवढ्या गाठी होतात, त्यांत शेकड्याला एकसुद्धा हिची नसते.

कमी दिसते म्हणूनच बहुधा, कुणाच्या घरी निघाली की ओळखीतून ओळख काढून माझ्याकडं फोन येतो. त्यांना जे सांगतो ते इथं मांडतो आहे. या आजारात घाई केली तरी नुकसान आणि टाळाटाळ केली तरी नुकसान. कशाच्या आधी काय आणि कशानंतर काय, हे ठरलेलं असतं. ते का ठरलेलं आहे एवढं घरच्यांनी समजून घेतलं, तर अर्धी धावपळ वाचते.

१. रक्त कोणत्या नाकपुडीतून येतं ते लक्षात ठेवा

उन्हाळ्यात पोरांचा घोळणा फुटणं आमच्याकडं नवं नाही. उष्णता झाली म्हणतात, डोक्यावर पाणी ओततात, गुलकंद देतात आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही. पोरांच्या नाकातलं रक्त सहसा पुढच्या पडद्यावरच्या बारीक वाहिन्यांतून येतं आणि दाबून धरलं की थांबतं. अक्काचं लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीकडं गेलं. रक्त दर वेळी डाव्या बाजूनं आणि तेही कार्तिकातल्या थंडीत. दुखत काही नाही. डावी नाकपुडी सर्दी नसताना चोंदलेली, रात्री तोंड उघडं टाकून घोरणं, आवाज गेंगाणा आणि डाव्या कानाला दडे. तिनं हे सगळं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एका दमात सांगितलं आणि तपासणीची दिशा तिथंच ठरली. त्यांनी स्टीलची थंड पट्टी नाकाखाली धरली. उजव्या बाजूला श्वासाची वाफ धरली, डावीकडं पट्टी कोरडी. मग दुर्बीण घातली. कानाचं कोडंही सुटलं : नाकाच्या मागून कानाकडं जाणारी नळी गाठीनं दाबली की पडद्यामागं पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं.

वयात येणारा मुलगा, एकच नाकपुडी हळूहळू बंद होत जाणं आणि त्याच बाजूनं पुन्हापुन्हा, न दुखता येणारं रक्त, एवढं जुळलं तर सर्दीचे स्प्रे बदलत बसू नका. दुर्बिणीची तपासणी करून घ्या.

२. मान मागं टाकू नका, पुढं झुकवा

रक्त आलं की घरातले चौघे चार दिशांनी धावतात. कुणी कांदा आणतं, कुणी पोराला उताणं झोपवतं. उताणं झोपवल्यावर रक्त थांबल्यासारखं वाटतं, पण ते घशात उतरत असतं. पोटात गेलं की उलटी होते, श्वासनलिकेत गेलं तर जास्तच पंचाईत. डॉक्टरांनी आम्हाला शिकवलं ते असं : पोराला बसवायचं, मान थोडी पुढं झुकवायची, नाकाचा मऊ भाग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत घट्ट धरायचा आणि तोंडानं श्वास घ्यायला सांगायचं. तोंडात आलेलं रक्त गिळायचं नाही, थुंकायचं. घड्याळ लावून १० ते १५ मिनिटं चिमूट सोडायची नाही. ‘थांबलं का बघू’ म्हणत मध्येच सोडली की पहिल्यापासून सुरुवात.

जेएनएच्या गाठीचं रक्त मागच्या बाजूनं येतं, त्यामुळं ते चिमटीला दाद देईलच असं नाही. थांबत नसेल किंवा धार मोठी असेल तर घरी वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. आणखी एक : अंगदुखीच्या काही गोळ्यांनी रक्त गोठायला उशीर होतो. अशा मुलाला दुकानातून आणलेली कोणतीही गोळी डॉक्टरांना न विचारता देऊ नका.

३. ‘तुकडा तपासायला पाठवा’ असा आग्रह धरू नका

गाठ म्हटलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘तुकडा पाठवला का?’ इतर पुष्कळ गाठींत तो प्रश्न बरोबर असतो. इथं तोच धोक्याचा ठरतो. नेहमीच्या धमनीच्या भिंतीत स्नायूचा थर असतो. ती कापली गेली की आकसते आणि रक्त कमी व्हायला मदत होते. या गाठीतल्या वाहिन्यांना तो थर धड नसतो. ओपीडीच्या खुर्चीवर चिमट्यानं एवढासा तुकडा घेतला तरी रक्त आवरता आवरत नाही. मुलाचं वय, लक्षणं आणि स्कॅनमधलं चित्र एवढ्यावर निदान पुरेसं पक्कं होतं. गाठ पूर्ण काढल्यावर ती तपासणीला जातेच. दाजींच्या थोरल्या भावाला हे पटवायला डॉक्टरांपेक्षा मला जास्त वेळ लागला, पण पटल्यावर इतर पाहुण्यांना तोच समजावून सांगू लागला.

४. सीटी आणि एमआरआय, दोन्हींचं काम वेगळं

दोन्हींचा खर्च ऐकून ‘एकावर भागणार नाही का’ असं वाटतंच. सीटी हाड दाखवतं, एमआरआय मऊ भाग. ही गाठ बहुधा नाकाच्या मागच्या-बाजूच्या भिंतीतल्या एका छोट्या छिद्रापाशी सुरू होते आणि वाढताना समोर आलेलं हाड ढकलत जाते. गालाच्या हाडातल्या पोकळीची मागची भिंत त्यामुळं पुढं वाकते. होल्मन आणि मिलर या दोघांनी १९६५ मध्ये ही खूण मांडली आणि त्यांच्याच नावानं ती ओळखली जाते. आमच्या डॉक्टरांनी सीटीच्या पडद्यावर बोट ठेवून ती वाकलेली रेघ आम्हाला दाखवली. उजव्या बाजूची सरळ रेघ शेजारीच होती, त्यामुळं दहावी नापास असलेल्या मलाही फरक कळला. गाठ डोळ्याच्या खोबणीजवळ किंवा मेंदूच्या आवरणाशी कुठवर पोचली आहे, ते एमआरआयवर उघड होतं.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरांना एवढं विचारा : गाठ नाक-घशापुरती आहे की गालात, डोळ्याकडं, कवटीच्या आत गेली आहे? तिला रक्त कोणत्या धमनीतून येतं? पुढचा सगळा बेत या उत्तरांवर ठरतो. आणि नुसता रिपोर्टचा कागद घेऊन निघू नका. फिल्म आणि सीडी मागून घ्या. दुसऱ्या गावचा सर्जन रिपोर्ट वाचत नाही, चित्रं बघतो.

५. ‘वय वाढलं की जिरेल’ यावर थांबू नका

या बोलण्यात खोटं म्हणावं असं काही नाही, म्हणून ते जास्त फसवं. गाठ जवळजवळ फक्त मुलांनाच होते आणि वयात येण्याच्या सुमारास वाढते, म्हणून पुरुषी हार्मोनशी तिचा संबंध जोडला जातो. मुलीत ती इतकी क्वचित दिसते, की निदान झालं तर डॉक्टर ते पुन्हा तपासून बघतात. तारुण्य सरताना काही गाठी आकसल्याचीही नोंद आहे. पण कुणाची आकसेल हे आधी सांगता येत नाही, आणि वाट बघताना ती डोळा पुढं ढकलू शकते, गाल सुजवू शकते, कवटीच्या तळाचं हाड पोखरू शकते. प्रत्येक वेळच्या रक्तस्रावानं मुलगा अशक्त होतो ते वेगळंच.

अक्काला गावात बायकांनी नाना कारणं सांगितली : पोरानं फार मिरची खाल्ली, कबड्डीत नाकावर मार बसला, गरोदरपणात अमुक केलं. यातल्या कशानंही ही गाठ होत नाही. युरोप-अमेरिकेपेक्षा भारतात आणि इजिप्तमध्ये ती जास्त पाहण्यात येते, असं डॉक्टर सांगतात. ‘आपलंच पोर का’ याला यापलीकडं उत्तर नाही. ते शोधण्यात आईनं झुरू नये, हे घरातल्या कुणीतरी तिला स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

६. मुलाला खोलीबाहेर पाठवू नका

पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला ‘जा, खाली चहा घेऊन ये’ म्हणून बाहेर काढलं की त्याला अर्धं कळतं आणि उरलेलं तो मोबाईलवर शोधतो. तिथं त्याला सगळ्यात वाईट फोटो आधी सापडतात. सही आई-बापाची लागते, पण नाक त्याचं असतं. आमचे डॉक्टर खुर्ची त्याच्याकडं वळवून बोलायचे. ‘ही गाठ जिवावर उठणारी जात नाही, पण जागा अडचणीची आहे,’ असं त्यांनी त्यालाच सांगितलं.

भाच्यानं विचारलं, ‘आवाज असाच राहणार का?’ वर्गातली पोरं त्याच्या गेंगाण्या बोलण्याची नक्कल करत होती, हे आम्हा मोठ्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. आम्ही जीव आणि पैसा यांच्या हिशेबात होतो, त्याची काळजी वेगळीच होती. गाठ निघाल्यावर वाट मोकळी होते आणि आवाज पुष्कळसा सुधारतो, हे ऐकल्यावर त्यानं ऑपरेशनबद्दल स्वतःहून चार प्रश्न विचारले.

७. एका डॉक्टरवर भागत नाही, अख्खी टीम लागते

नाव मोठं असलेल्या सर्जनचा पत्ता कुणीही देतं. तुम्ही जागा बघा. कान-नाक-घशाचा सर्जन हवाच. त्यानं ही गाठ दुर्बिणीनं आधी काढलेली असावी. त्याच छताखाली रक्तवाहिन्यांत नळी घालून काम करणारा रेडिओलॉजिस्ट आणि कॅथलॅब, चोवीस तास चालणारी रक्तपेढी, आयसीयू आणि अशा ऑपरेशनची सवय असलेला भूलतज्ज्ञ. गाठ कवटीकडं गेली असेल तर न्यूरोसर्जनही. यातलं एखादं कमी असेल तर चांगला सर्जन स्वतःच मोठ्या ठिकाणी चिठ्ठी देतो, आणि ती चिठ्ठी देणाऱ्याबद्दल शंका घेऊ नये. आम्हाला अशीच चिठ्ठी मिळाली आणि आम्ही पुण्याला गेलो.

विचारायला लाजू नका : अशा किती गाठी काढल्या? दुर्बिणीनं जमलं नाही तर पुढं काय? रक्त जास्त गेलं तर तयारी काय? ज्याला अनुभव आहे तो या प्रश्नांवर चिडत नाही, खुर्ची पुढं ओढून उत्तर देतो.

८. पैशाचे कागद भरती होण्याआधी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मोडणाऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. तिथं आधी जा. रेशनकार्ड, आधार, स्कॅनचे रिपोर्ट घेऊन, हे ऑपरेशन आणि त्याआधी गाठीच्या रक्ताची वाट बंद करण्याची कॅथलॅबची प्रक्रिया (ती दहाव्या धड्यात येईल) दोन्ही कशात बसतात हे विचारा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी यावी लागते. बिल झाल्यावर पळून उपयोग नाही. धर्मादाय रुग्णालयांचा रस्ता वेगळा. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार अशा मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो गावाकडून यायला वेळ जातो, म्हणून स्कॅनच्या दिवसापासूनच एकाला त्या कामाला लावा.

९. रक्ताची सोय आणि मुलाचं स्वतःचं रक्त

वारंवार रक्त गेल्यानं मुलाचं हिमोग्लोबिन घसरलेलं असतं. ऑपरेशनची तारीख लांब असेल तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात. त्या लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायच्या, चहाबरोबर नाही. चहानं लोह अंगी लागत नाही.

रक्तदात्यांची जमवाजमव आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळानं केली. पोरं आधी बिचकत होती, ‘आमचा गट जुळत नाही’ म्हणून. पेढीतल्या माणसानं समजावलं, की तुमचं रक्त पेढीत जमा होतं आणि तुमच्या पेशंटला त्याच्या गटाचं मिळतं. दात्याचं वय १८ च्या पुढं, हिमोग्लोबिन किमान १२.५ आणि पुरुषानं आधी रक्त दिलं असेल तर मध्ये तीन महिने गेलेले हवेत. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं होत नाहीत, पेढ्या रिकाम्या पडतात. तारीख तेव्हाची असेल तर महिनाभर आधी हाका मारा.

१०. रक्ताची वाट बंद करणं : तारीख आधी पक्की करा

हा सगळ्यात महत्त्वाचा धडा आणि मला तो चटकन कळला, कारण माझा धंदाच तो. फुटलेली लाईन दुरुस्त करायची तर आधी मागचा व्हॉल्व्ह बंद करतात आणि लगेच कामाला लागतात. बंद ठेवून गेलं तर पाणी दुसऱ्या जोडणीनं फिरून येतं. एम्बोलायझेशन म्हणजे तेच. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेतात, डाय सोडून गाठीच्या वाहिन्यांचा नकाशा काढतात आणि गाठीला पोसणाऱ्या फांदीत बारीक कण सोडून ती बंद करतात. ही फांदी बहुधा बाहेरच्या कॅरोटिड धमनीची, वरच्या जबड्यामागून जाणारी असते.

मग ऑपरेशन साधारण २४ ते ७२ तासांत. जास्त दिवस गेले तर गाठ दुसरीकडून रक्त ओढू लागते आणि केलेलं काम वाया जातं. म्हणून थिएटर, सर्जन, रक्त, मंजुरी, सगळं पक्कं झाल्याशिवाय कॅथलॅबची तारीख घेऊ नका. आमच्यात दाजींचा आग्रह होता की ‘कॅथलॅब आज मोकळी आहे तर आजच उरकू’. मी अडून बसलो, कारण मंजुरीचा कागद यायचा होता.

या प्रक्रियेचा धोकाही समजून घ्या. कण चुकीच्या फांदीत गेला तर डोळ्याला किंवा मेंदूला इजा होऊ शकते. ते क्वचित घडतं, पण संमतीपत्रात लिहिलेलं असतं आणि वाचून घ्यावं. मेंदूकडं जाणाऱ्या आतल्या कॅरोटिडच्या फांद्या गाठीला रक्त देत असतील तर त्या अशा सहज बंद करता येत नाहीत. म्हणजे व्हॉल्व्ह बंद केल्यावरही थोडं रक्त जाणारच, आणि नवव्या धड्यातली तयारी त्यासाठीच. नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं, गाल ठणकतो. भाच्याला त्या पाय न हलवण्याचाच जास्त वैताग आला.

११. ऑपरेशनच्या दिवशी कामं वाटून घ्या

लहान-मध्यम गाठी आता बहुधा नाकातूनच, दुर्बिणीनं काढतात. चेहऱ्यावर खूण राहत नाही. मोठ्या गाठीला कधी वरच्या ओठाच्या आतून चीर द्यावी लागते. संमतीपत्रात दोन्ही लिहिलेलं असलं तर घाबरू नका, ती सर्जनची सावधगिरी असते.

बाहेर पंधरा माणसं नकोत, तीन पुरे. एक थिएटरच्या दाराशी, नाव पुकारलं की हजर. एक रक्ताची चिठ्ठी आणि औषधं आणायला. एक फोनवर, गावाकडच्यांना उत्तरं द्यायला. हा तिसरा माणूस आई-बापापैकी नसावा.

१२. घरी आल्यावर आणि पुढची काही वर्षं

नाकातलं पॅकिंग निघालं की मुलाला मोकळं वाटतं आणि तो लगेच नाक शिंकरायला जातो. ते अजिबात नको. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. जड उचलणं नको, कुंथणं नको, म्हणून पोट साफ राहील असं खाणं. नाकात खपल्या धरतात. त्यासाठी सांगितलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवायचं, आणि ते पाणी उकळून गार केलेलंच हवं. गालाला बधिरपणा किंवा डोळ्याला कोरडेपणा वाटला तर पुढच्या भेटीची वाट न बघता सांगा. कबड्डीला डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदानाबाहेर बसायचं.

रक्त थांबलं, नाक उघडलं, की घरच्यांना तपासणीचा कंटाळा येतो. इथं ढिलाई चालत नाही. पुन्हा दिसणारी गाठ बहुतेक वेळा मागं राहिलेल्या कणातूनच वाढते, विशेषतः कवटीच्या तळाच्या हाडात शिरलेल्या भागातून, आणि ती पहिल्या दोन-तीन वर्षांत वर येण्याची शक्यता जास्त. म्हणून ठरलेल्या तारखांना दुर्बीण आणि एमआरआय. काही उरलेलं दिसलं तरी लगेच पुन्हा ऑपरेशन होतं असं नाही. छोटा तुकडा वाढत नसेल तर नुसती नजर ठेवतात. रेडिएशन हे वाढत्या वयात सहसा हाताबाहेर गेलेल्या गाठींसाठीच राखून ठेवतात. जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवूनच हे ठरतं, तेव्हा फाईल दर भेटीला पूर्ण न्या.

आता कुणाचा फोन आला की ‘काही होत नाही, बरं वाटेल’ असं मी म्हणत नाही. मी विचारतो : रक्त एकाच बाजूनं येतं का? दुर्बीण झाली का? तुकडा काढायचं कुणी सुचवलं आहे का? स्कॅनच्या सीड्या कुणाकडं आहेत? ऑपरेशन जिथं होणार तिथं कॅथलॅब आणि रक्तपेढी आहे का? मंजुरी आली का? माणूस एकेका प्रश्नाला उत्तर देत जातो, आणि ज्या प्रश्नाशी अडखळतो तेच त्याचं उद्याचं काम असतं.